बदल्यात काही घ्यायचं नाही

अगं, तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज वाचला. वॉर्डात समोरच्या पक्षाची ताई आपल्या उमेदवारापेक्षा चांगली आहे हे तुला उघड म्हणायचंय, पक्ष सोडायचा नाहीये, आणि ग्रुपवर सगळे गद्दार म्हणतायत. म्हणून तू अमेरिकेतली उदाहरणं काढलीस, ट्रम्पविरोधात गेलेली रिपब्लिकन लिझ चेनी देशभक्त की दगाबाज वगैरे. ते सोड गं. बदल्यात काय घेतलं, एवढंच बघ.

कॉलिन पॉवेल घे. बुशचा परराष्ट्रमंत्री राहिलेला, पक्का रिपब्लिकन, पक्षाचा उमेदवार मॅकेनशी जुनी दोस्ती, तरी ऑक्टोबर 2008 मध्ये टीव्हीवर बसून समोरच्या डेमोक्रॅट ओबामाला पाठिंबा दिला. लोक ओबामाला मुसलमान म्हणत होते, तर हा म्हणाला तो ख्रिश्चन आहे, पण मुसलमान असता तरी काय बिघडलं असतं? ऐन निवडणुकीत असं कोण बोलतं सांग! आणि नंतर ओबामाच्या मंत्रिमंडळात गेला नाही. चेनीबाईंनी तर ट्रम्पला विरोध केल्याची किंमत आधीच मोजली होती, 2021 ला पक्षातलं पद गेलं, 2022 ला वायोमिंगच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, सपाटून हरल्या, 2024 ला डेमोक्रॅट कमला हॅरिसच्या स्टेजवर गेल्या तेव्हा गमवायला फारसं उरलंच नव्हतं. हॅरिसही हरल्या. चालतं. आता तुलसी गॅबर्ड बघ, 2020 ला डेमोक्रॅट म्हणून राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत, 2022 ला पक्ष सोडला, 2024 ला ट्रम्पला पाठिंबा आणि 2025 ला राष्ट्रीय गुप्तचर संचालक. मन खरंच बदललं असेलही, पण खुर्ची मिळाल्यावर ते पटवायचं कुणाला?

(आपल्याकडे राष्ट्रपतीच्या निवडणुकीत व्हिप, म्हणजे पक्षाचा हुकूम नाही, मतदान गुप्त. 1969 ला इंदिराबाईंनी अंतरात्म्याची हाक दिली नि काँग्रेसचा अधिकृत उमेदवार पडून अपक्ष गिरी निवडून आले, पण पडद्याआड अंतरात्मा लवकर जागा होतो.)

मी काय केलं ते तुला इथलं कुणीतरी तिखटमीठ लावून सांगितलंच असेल. आमच्या पक्षानं बिल्डरला तिकीट दिलं, मी इथे इंदूरला रामबागेत उभं राहून समोरच्याला मत द्या म्हणालो, तो पार्षद म्हणजे नगरसेवक झाला आणि मग माझ्या पुतण्याला नगर निगमात चिकटवतो म्हणून घरी आला. नाही म्हणालो. पुतण्या पुण्याला गेला, भाऊ अजून धड बोलत नाही, आणि माझ्या पक्षानं मला नंतर बूथसुद्धा दिला नाही. भावाचं वाईट वाटतं, रोज वाटतं. पण हो म्हणालो असतो तर रामबागेत जे बोललो ते सगळं नोकरीसाठीच होतं असं झालं नसतं का? लोक हट्टी म्हणतात, म्हणू देत, माझं बरोबरच होतं.

2024 ला इथे काँग्रेसचा लोकसभेचा उमेदवारच फॉर्म मागे घेऊन पलीकडे भाजपात गेला, नोटाला 2 लाख 18 हजारांवर मतं पडली, हे तू बघितलंयस. अशा शहरात तू तोंड उघडलंस की लोक आधी तुझ्या हातात काय पडलं ते बघणार. म्हणून परत सांगतो, काही घ्यायचं नाही. पद नाही, काम नाही, बॅनरवर फोटोपण नाही.

आधी आपल्या अध्यक्षाला तोंडावर सांग, मग पोस्ट टाक, उलटं करू नकोस. ताईचे लोक स्टेजवर हार घालायला बोलावतील, जायचं नाही. आणि ग्रुप तू सोडू नकोस, त्यांना काढू दे.