पोरगं मोर्चात जातंय, सरकारी नोकरीचं काय होणार?

उत्तरेश्वर पेठेतल्या एका आईनं लिहिलंय. पोरगा बीएच्या दुसऱ्या वर्षाला, एमपीएससीचा क्लास लावलाय, पण चार महिने झाले पंचगंगेच्या प्रदूषणावर काम करणाऱ्या पोरांबरोबर फिरतोय, कलेक्टर ऑफिससमोर धरणं काय, निवेदनं काय, आणि विचारलं तर "आई, तुला नाही कळायचं". एकदा केस पडली की सरकारी नोकरी गेलीच असं शेजारचे सांगतात, तर त्याचं जाणं बंद करू का?

ताई, बंद करून ते बंद होत नाही, लपून जाईल एवढंच. आणि कोल्हापुरात राहून मोर्चा नको म्हणजे रंकाळ्यावर जाऊन भेळ नको म्हटल्यासारखं झालं. शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरोधात आंदोलन झालं तेव्हा शेकापचे ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील सर ऐंशी पार केल्यावर रस्त्यावर उतरले, वर्षानुवर्षं चाललं ते, 2015 च्या अखेरीस टोल गेला. मीही होतो मागच्या रांगेत, घोषणा कमी आणि चहा जास्त, पण होतो.

आता केसचं. शांततेत, विनाहत्यार जमायचा हक्क घटनेच्या कलम 19 नं दिलाय, नुसतं धरण्याला बसला म्हणून कुणाची नोकरी जात नाही. घोळ होतो तो जमावबंदीत. पोलीस कायद्याच्या कलम 37 चा आदेश आपल्याकडं सारखा लागलेला असतो, मग पाचजण विनापरवाना जमले तरी गुन्हा नोंद होऊ शकतो, म्हणून परवानगीचा अर्ज कुणी दिलाय ते पोराला विचारा, कागद बघा. त्याहून मोठा घोळ लपवण्याचा. निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणीचा फॉर्म येतो, त्यात गुन्ह्याचं विचारतात आणि पोरं घाबरून "नाही" लिहितात. 2016 च्या अवतार सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टानं खरी माहिती द्यायचीच असं सांगितलंय. किरकोळ प्रकरण लपवलं तर खातं माफ करू शकतं असंही म्हटलंय, आणि उदाहरण कसलं दिलंय तर तरुण वयातल्या घोषणाबाजीचं! पण माफ करणं खात्याच्या मर्जीवर, त्यामुळं केस असेल तर सरळ लिहायचं.

मला खरं बघायचंय ते त्याची फाईल. जलपर्णीचे, मेलेल्या माशांचे फोटो स्टेटसला सगळेच टाकतात. निवेदन दिल्यावर झेरॉक्सवर आवक शिक्का, नंबर, तारीख घेतलीय का? माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकलाय का, 30 दिवस मोजलेत का? त्यातही "नाल्याचं पाणी नदीत का सोडता?" असं विचारलं तर हाती काही लागत नाही, "अमुक नाल्याच्या पाण्याच्या तपासणीचे मागच्या वर्षीचे अहवाल द्या" असं मागावं लागतं. हे जमलं तर पोरगं वाया जात नाहीये, कामाला लागलंय. पुढं एलएलबी, एमएसडब्ल्यू, पत्रकारिता, सगळीकडं हेच लागतं. मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे हायकोर्टाच्या केसेस इथंच चालवणारं खंडपीठ, 18 ऑगस्ट 2025 पासून इथं सुरू झालं तेही वकिलांनी कैक वर्षं आंदोलन केलं म्हणून, आणि आता वकिलीला कोल्हापूर सोडायची गरज तेवढी राहिली नाही.

एक मात्र त्याला स्पष्ट सांगा. अधिकारी झाला की 1979 चे वर्तणूक नियम लागतात, राजकीय पक्ष, निवडणूक प्रचार सगळं बंद. क्लासची फी भरतोय तर तिसरं वर्ष संपेपर्यंत ठरव म्हणावं, खुर्चीत बसायचंय का खुर्चीसमोर.

रविवारी क्लास नसेल तेव्हा त्याच्याबरोबर घाटावर जावा, आणि तिथंच फाईल मागा. फाईलच नसली तर मला परत लिहा.