वाचकांचे प्रश्न : बीमला कार्बनचं कापड

प्रश्न : नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं एक मजली वर्कशॉप आहे. वरच्या स्लॅबवर आता माल साठवायचा आहे. त्याखालच्या नऊ इंची बीमला मधोमध केसासारख्या उभ्या भेगा दिसतात. ठेकेदार म्हणतो, कार्बन फायबरच्या कापडाचे दोन थर मारू, चार दिवसांत काम संपेल. करावं का?

उत्तर : कापडाबद्दल शंका नको. चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं कापड जेमतेम ०.१७ मिलिमीटर जाडीचं असतं, पण त्यातल्या धाग्याची ताण सोसायची ताकद सळईच्या कित्येक पट असते. शंका घ्यायची ती ते ज्यावर चिकटणार त्या काँक्रीटची. असा बीम निकामी होतो तेव्हा कापड सहसा तुटत नाही, काँक्रीटचा पापुद्रा सोबत घेऊन सोलून निघतं. म्हणूनच दोन थर म्हणजे दुप्पट ताकद हा हिशेब खोटा. थर वाढले की पट्टी ताठ होते आणि कमी ताणातच सुटते.

सुरुवात कागदावर करा. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या ४४०.२आर या मार्गदर्शिकेत एक नियम आहे : कापड नसलं तरी जुन्या बीमने कायम भाराच्या (बांधकामाचं स्वतःचं वजन) १.१ पट आणि नव्या चल भाराच्या (माणसं, सामान) ०.७५ पट इतकं पेललं पाहिजे; माल साठवायच्या जागी मात्र चल भार पूर्ण धरायचा. समजा, बीमच्या दर मीटरवर कायम भार १५०० किलो आणि मालाचा १२०० किलो. म्हणजे १६५० अधिक १२००, एकूण २८५० किलो. एवढं जुन्या बीमला झेपत नसेल, तर कार्बनचा विचार सोडा आणि लोखंडी बीम किंवा नवा कॉलम द्या. कापड कोणत्याही कारणाने निकामी झालं तरी बीम पडू नये, यासाठी हा नियम आहे. आगीत तर साधारण ६० ते ८० अंशांनाच इपॉक्सी, म्हणजे कापड चिकटवणारी राळ, मऊ पडते आणि कापड नसल्यात जमा होतं. बीमखाली भट्टी किंवा ओव्हन असेल, तर हे ठेकेदाराला आधीच सांगा. शिअर, म्हणजे टोकांजवळ बीमला तिरका कापू पाहणारा जोर, तोही तपासून घ्या. खालची बाजू मजबूत करून टोकं कच्ची ठेवली तर बीम तिथे तिरका फाटतो. टोकांना यू आकाराचे पट्टे लागतात.

काम सुरू करण्याआधी वरचा माल उतरवा, बीमला टेकू द्या. कापड फक्त नंतर येणारा भार घेतं, आधीचा जुन्या सळयाच वाहत राहतात.

मग पृष्ठभाग. प्लास्टर, रंग, पुट्टी सगळं काढून ग्राइंडरने खडी दिसेपर्यंत घासा. ०.३ मिलिमीटरहून रुंद भेगांत इपॉक्सी इंजेक्ट करा. पट्टा जिथे कोपऱ्यावरून वळतो तिथे कोपरा किमान १३ मिलिमीटर त्रिज्येत गोल हवा, नाहीतर धागे तिथेच कापले जातात. व्हॅक्यूमने धूळ काढून हात फिरवा. बोट पांढरं झालं तर पुन्हा साफ करा. शेवटी पुल-ऑफ चाचणी : काँक्रीटवर चिकटवलेल्या ५० मिलिमीटर व्यासाच्या चकतीने सुटून न येता सुमारे २८० किलोची ओढ सोसली पाहिजे, म्हणजे चौरस मिलिमीटरला १.४ न्यूटन. ही चाचणी टाळणारा ठेकेदार बदला.

इपॉक्सीचे दोन डबे काट्यावर मोजूनच मिसळा, अंदाजाने ओतू नका. प्रायमर, पुट्टी, राळेचा हात, कापड, आणि वर धाग्याच्या दिशेनेच रोलर. आडवा रोलर फिरवला की धागे सरकतात. नाशिकच्या एप्रिल-मेच्या दुपारी मिश्रण बादलीतच आवळतं, म्हणून सकाळी थोडं थोडं कालवा. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे मात्र ते वाळतच नाही. ऊन चढू द्या. पावसाळ्यात काँक्रीटचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होतं) ३ अंश तरी जास्त हवं. हे सगळं धरून चार दिवस? बीम एकच असेल तर, कदाचित.

प्रश्न : कॉलेज रोडवरच्या आमच्या जुन्या इमारतीत गच्चीखालच्या बीमचं कव्हर, म्हणजे सळयांवरचा काँक्रीटचा थर, निखळून सळया गंजल्या आहेत. वरून कार्बन रॅप केला, म्हणजे हेच कापड गुंडाळलं, तर गंज थांबेल का?

उत्तर : नाही. गंजलेली सळई फुगते, फुगली की कव्हर ढकलते आणि रॅपही ढकलेल. वर ओल आत कोंडली जाते आणि नुकसान झाकलं जातं ते वेगळंच. आधी गच्चीची गळती थांबवा. मग सळईमागून २० मिलिमीटर काँक्रीट फोडा, गंज ब्रशने चकचकीत काढा, सळई फार झिजली असेल तर जोडसळई द्या आणि पॉलिमर मॉर्टरने भरा. मॉर्टर पूर्ण पिकल्यावरच कार्बनचा विचार. बऱ्याचदा तेव्हा त्याची गरजच उरत नाही, आणि हे रॅप विकणारा स्वतःहून सांगणार नाही.

प्रश्न : रॅप झालेल्या बीमवर काही ठिकाणी पोकळ आवाज येतो.

उत्तर : रुपयाचं नाणं वाजवत जा आणि पोकळ जागा खडूने आखा. प्रत्येक जागा १३ चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान आणि सगळ्या मिळून ५ टक्क्यांच्या आत असतील, तर सोडून द्या. १६० चौरस सेंटिमीटरहून मोठी असेल, तर तेवढं कापड कापून पुन्हा लावायला लावा. मधल्या आकारात राळ इंजेक्ट करतात. आणि पंख्याचा हुक किंवा फॉल्स सिलिंगचा खिळा कापडातून ड्रिल करू देऊ नका. इलेक्ट्रिशियनला दिसेल असं बीमवर रंगाने लिहून ठेवा.