जुन्या मूळ डीव्हीडी चित्रपटाच्या मध्यावरच अडकतात. त्या बदलून मिळतील का?

आधी तबकडी मऊ, कोरड्या कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल फिरवून पुसू नये, आणि मग ती दुसऱ्या प्लेअरवर लावून पाहावी. पृष्ठभाग स्वच्छ व ओरखडाविरहित असूनही चित्र त्याच जागी चौकोनी तुकड्यांत फुटत असेल, तर दोष बहुधा आतल्या थरांत आहे आणि घासून-पुसून तो जाणार नाही. वॉर्नर ब्रदर्सने २०२५ मध्ये मान्य केले की २००६ ते २००८ या काळात तयार झालेल्या त्यांच्या काही डीव्हीडींमध्ये असा बिघाड आढळतो. शक्य असेल तेथे तोच चित्रपट आणि तो आता छापला जात नसल्यास किंवा हक्क संपले असल्यास तेवढ्याच किमतीचा दुसरा चित्रपट देण्याची तयारीही त्यांनी दाखवली. म्हणून तबकडी कृपया फेकू नका. मधल्या छिद्राभोवती कोरलेला क्रमांक, वेष्टन आणि अडकणाऱ्या जागेची मिनिटे-सेकंदांसह छायाचित्रे काढून निर्मात्या कंपनीला लेखी कळवा. तबकडी नुकतीच भारतात घेतली असेल, तर पावतीसह प्रथम विक्रेत्याकडे जावे आणि त्याने दाद न दिल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.