आण्णांच्या गोळ्यांची पिशवी

प्रश्न : डॉक्टरताई, माझे वडील माण तालुक्यात एकटे राहतात, वय ६८. शुगर अकरा वर्षांपासून आहे, बीपी सात-आठ वर्षांपासून. शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या गावातले डॉक्टर देतात, साताऱ्याच्या हृदयरोगतज्ज्ञांनी बीपीची आणखी एक दिली आहे, गुडघ्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांची वेगळी. तीन महिन्यांपासून संध्याकाळी दोन्ही पाय सुजतात, म्हणून आणखी एका डॉक्टरांनी लघवीची गोळी सुरू केली. आता आण्णा रात्री चार-चारदा उठतात. गेल्या आठवड्यात मोरीत तोल जाऊन पडले. पुण्यातल्या कोणत्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवू?
— एक लेक, हडपसर

उत्तर : पडताना डोक्याला मार लागला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. लागला असेल आणि आता डोकं दुखतंय, उलटी होतेय, बोलण्यात गडबड होतेय असं काही असेल, तर पुढचं वाचत बसू नका, आजच दाखवा. चालताना किंवा आडवं झाल्यावर धाप लागत असेल तरी तेच.

तसं नसेल, तर पुण्याच्या आधी गावी जा आणि घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा. फडताळातल्या, देवघरापाशी ठेवलेल्या, सदऱ्याच्या खिशातल्या, बंद झाल्या म्हणून डब्यात टाकलेल्यासुद्धा. माझ्या दवाखान्यात दर महिन्याला निदान एक तरी अशी पिशवी टेबलावर ओतली जाते. मागे एका आजोबांच्या पिशवीतून सतरा पाकिटं निघाली. काही पाकिटं मेडिकलवाल्याने चार-चार गोळ्यांची कापून दिलेली, त्यामुळे नाव अर्धं आणि तारीख गायब. त्यांचेही पाय सुजत होते, त्यांनाही कुणीतरी लघवीची गोळी दिली होती.

पाकिटावर कंपनीने गोळीला ठेवलेलं नाव असतं, खऱ्या औषधाचं नाव वेगळं लिहिलेलं असतं. त्या आजोबांच्या एका पाकिटावर बारीक अक्षरात अम्लोडिपिन, म्हणजे बीपीचं एक औषध, होतं. दुसऱ्या गोळीत टेल्मिसार्टन, हेही बीपीचंच, आणि त्याच्या जोडीला पुन्हा अम्लोडिपिन. दोन डॉक्टर, दोन नावं, औषध एकच, आणि ते दुप्पट पोटात जात होतं. अम्लोडिपिन चांगलं औषध आहे, मी स्वतः रोज लिहून देते, पण डोस वाढला की काहींचे पाय सुजतात, संध्याकाळी जास्त. त्या सुजेवर लघवीची गोळी आली, तिच्यामुळे रात्रीचं उठणं आलं, बीपी खाली जाऊन चक्कर आली. त्या आजोबांच्या एकाही डॉक्टरांनी चुकीचं औषध दिलं नव्हतं. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र कुणी वाचल्याच नव्हत्या.

आण्णांचं तसंच असेल असं मी इथून सांगू शकत नाही. पाय हृदयामुळे सुजतात, किडनीमुळेही. म्हणून क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी), लघवीतली प्रथिनं आणि ईसीजी करून घ्या. बीपी बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा मोजायला सांगा. आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नका. गुडघ्यांच्या गोळीबद्दल मात्र आवर्जून विचारा. डायक्लोफेनॅक किंवा एसिक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक रोज घेतलं तर बीपी वाढतं, सूजही येते. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि वेदनाशामक ही तिघं एकत्र आली की किडनीवर भार पडतो, आणि आण्णांची किडनी आधीच अकरा वर्षं साखर सोसते आहे.

तुम्ही मोठं हॉस्पिटल विचारलंत. मला वाटतं, आण्णांना चालत जाता येईल इतक्या अंतरावरचा एक डॉक्टर हवा, ज्याच्याकडे त्यांचे सगळे कागद एका फाइलीत असतील आणि जो तज्ज्ञांनी लिहिलेलं पुन्हा वाचेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा (आयसीएमआर) ‘इंडियाब’ हा मधुमेहावरचा, २०२३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. तितके तज्ज्ञ कुठून आणणार? पूर्वी घराचा एक डॉक्टर असायचा, आजीच्या दम्यापासून नातवाच्या गोवरापर्यंत सगळं त्याला ठाऊक असायचं. ते आपण फार सहज सोडून दिलं, याचं मला वाईट वाटतं.

गावातले डॉक्टर हे करायला तयार असतील तर उत्तमच. नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, कमीपणा मानू नका. २०१७ साली देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या चार जिल्ह्यांत सातारा होता. ठरलेली मोजकी औषधं, एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या, प्रत्येकाच्या बीपीची नोंद आणि न आलेल्याची विचारपूस, एवढ्या साध्या गोष्टींवर तो उभा आहे. गोळ्या मोफत मिळतात. आशाताईंना आण्णांचं नाव सांगून ठेवा, तुम्ही हडपसरला असताना दारात त्याच जाणार आहेत.

प्रश्न : मला शुगर आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन घेते. चतुर्थीचा उपवास सोडवत नाही. गोळी घेऊ का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : ग्लिमेपिराइड घेतली आणि पोटात काही नसलं तर साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, सुचेनासं होतं. म्हणून चतुर्थीच्या आधीच डॉक्टरांना भेटून त्या दिवसाचा डोस ठरवून घ्या. मोजल्यावर साखर ७० च्या खाली दिसली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या, उपवास त्या क्षणी सोडायचा. एरवी साबुदाण्याची खिचडी ताटभर घेऊ नका, ती साखर भराभर चढवते. थोडी भगर, दाण्याची आमटी, ताक चालेल. ग्लुकोजची पुडी पर्समध्ये ठेवा आणि ती कुठल्या कप्प्यात आहे ते घरच्यांना दाखवून ठेवा.