शुश्रूषा केंद्र पाहायला जाताना

वडिलांसाठी आपण प्रथमच केंद्र शोधत आहात, तेव्हा सुरुवातीला मोजक्याच गोष्टींकडे लक्ष द्यावे. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मनुष्यबळाचा आहे: रात्रपाळीत आणि सुट्टीच्या दिवशी किती वृद्धांमागे किती परिचारिका व मदतनीस असतात, आणि ते वारंवार बदलतात का, हे स्पष्ट विचारावे, उत्तर गुळमुळीत आले, तर तेच उत्तर समजावे. दुसरी भेट न कळवता, शक्यतो जेवणाच्या वेळी द्यावी, कारण ज्यांना स्वतःच्या हाताने जेवता येत नाही त्यांना कोण, किती सावकाश भरवते आणि घंटा वाजल्यावर किती वेळात कोणी येते, हे तेव्हाच दिसते.

अंथरुणाला खिळलेल्यांची कूस ठरावीक वेळाने बदलतात का, किती जणांना शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) झाले आहेत, आणि गुंगीची औषधे कोणाच्या सल्ल्याने दिली जातात, हेही विचारावे. परवाना, तपासणी अहवाल आणि आगीच्या वेळी बाहेर पडण्याचे मार्ग पाहावेतच.

नवखे लोक बहुधा चकचकीत स्वागतकक्षाला भुलतात. सुगंधी फवाऱ्याचा उग्र वास आला की मला उलट दुर्गंधी झाकली जात असल्याची शंकाच येते. करारातील बारकावे नंतर पाहू. तोवर कोठेही सही करू नये आणि आगाऊ रक्कमही भरू नये.