डबे रंगवू का? छोट्या रेल्वेबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई, दिवाळीत 'टिकेट टू राईड' हा बोर्डावर छोटे प्लास्टिकचे रेल्वे-डबे मांडून रूट बनवायचा खेळ घेतला, घरातले पोट्टे रोज खेळून राहिलेत. मे महिन्यात खोका गाडीच्या डिक्कीतच राहून गेला आणि पिवळे आठ-दहा डबे वाकले. ते सरळ होतात का? आणि सगळे डबे नीट रंगवायचेही आहेत, खऱ्या रेल्वेसारखे. (एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर : दादा, होतात सरळ, टेन्शन घेऊ नका. पाणी चांगलं गरम करा, पण उकळतं नको. डबा चमच्यात ठेवून काही सेकंद बुडवा, मऊ पडला की बोटांनी सरळ करा आणि तसाच धरून थंड पाण्यात घाला, थंड झाला की त्याच आकारात बसतो. आधी एका जास्तीच्या डब्यावर करून बघा, कारण प्रत्येक रंगात खेळायला ४५ आणि वर ३ जास्तीचे येतात, ते याच कामाचे. आणि आपल्या नागपूरच्या उन्हात बंद गाडीत प्लास्टिक ठेवायचंच नाही.

आता रंगाचं. खऱ्या रेल्वेसारखे करायच्या नादात निळा, लाल, हिरवा, पिवळा, काळा हे पाच रंगच झाकू नका! समोर बसलेल्याला एका नजरेत कळलं पाहिजे की हा रूट कोणाचा, नाहीतर दर चालीला विचारत बसाल. म्हणून अंगाचा रंग तसाच ठेवा, काम फक्त छपरावर, खिडक्यांवर आणि चाकांपाशी करा.

आधी कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन सगळे धुवा, साच्यातून काढताना लागलेला तेलकटपणा राहिला की रंग सोलून निघतो. रात्रभर वाळू द्या. आइस्क्रीमच्या काडीला डबल टेप लावून एकेका काडीवर पाच-पाच डबे चिकटवा, हातात धरायला सोपं जातं. अ‍ॅक्रिलिक रंग घ्या आणि झिरो नंबरचा ब्रश. मला सगळ्यात आवडणारं काम म्हणजे काळ्यात थोडा तपकिरी मिसळून पाण्यासारखा पातळ करायचा, डब्यावर सोडायचा आणि लगेच वरून टिश्यूने पुसायचा. रंग फक्त खाचांमध्ये उरतो आणि बोटाच्या पेराएवढ्या डब्यावर खिडकीची चौकट, कडेच्या रेघा एकदम उठून दिसतात, आधी तिथे काही आहे हेच कळत नव्हतं. गंज कुठे चढतो, काजळी कुठे बसते ते बघायचं असेल तर पोट्ट्यांना घेऊन मोतीबागच्या नॅरो गेज म्युझियमला जाऊन या, अडीच फुटी गेजची (म्हणजे दोन रुळांमध्ये अडीच फुटांचं अंतर) जुनी इंजिनं जवळून बघता येतात.

नेलपॉलिश आणि रिमूव्हर अजिबात नको, रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन असं प्लास्टिक विरघळवतं. शेवटी मॅट वार्निशचा हलका स्प्रे, पण जुलै-ऑगस्टमध्ये मारू नका, दमट हवेत त्यावर पांढुरका थर येतो. थंडीपर्यंत थांबा.

प्रश्न : थ्रीडी प्रिंटवाल्याकडून वेगळी इंजिनं करून घ्यायची आहेत. आणि तीन निळे डबे हरवले, चालेल का? (एक वाचक, महाल)

उत्तर : आधी एकच नमुना काढून घ्या आणि बोर्डावर जिथे दोन रूट शेजारी-शेजारी जातात तिथे ठेवून बघा. रुंदी थोडी जरी जास्त झाली तरी शेजारचा डबा ढकलला जातो आणि मग सगळा रूट वाकडा. तळ सपाट हवा, टोकदार नक्षी नको, बोर्ड खरचटतो. डबे तीनच हरवलेत ना, मग जास्तीचे वापरा, ते असतातच त्यासाठी. त्याहून जास्त गेले तर जितके कमी पडतात तेवढे सगळ्यांचेच कमी करा, कारण कोणाकडे दोन किंवा कमी डबे उरले की शेवटची फेरी लागते, एकाकडेच कमी असले तर खेळ अन्यायाचा होतो.

प्रश्न : लाकडी डब्यांना पावसाळ्यात बुरशी आली. (एक वाचक, इतवारी)

उत्तर : कोरड्या कापडाने पुसून दोन दिवस पंख्याखाली ठेवा, उन्हात नको, तडकतात. पाण्यात तर बुडवूच नका. नंतर रंगानुसार झिप पाऊचमध्ये भरा, आत औषधाच्या बाटलीतली सिलिका जेलची पुडी टाका.