आठवे नाव

प्रिय बाळ,

सप्रेम सलाम. पुढल्या महिन्यात तरुण संघाच्या उपासनेत ‘गर्विष्ठ राष्ट्रांचा न्याय’ या विषयावर बोलण्याची जबाबदारी तुझ्यावर आली आहे आणि आजच्या बातम्यांतले कोणते राष्ट्र बायबलातले बाबेल ठरते व कोणते अदोम, असे तू मला विचारले आहेस. त्याचे उत्तर मी देणार नाही. माझ्या तरुणपणी यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायातला, इस्राएलवर चाल करून येणारा गोग म्हणजे सोव्हिएत रशियाच, असे ठासून सांगणारे उपदेश मी ऐकले होते आणि तसा एक मी स्वतःही दिला होता. १९९१ साली सोव्हिएत संघच उरला नाही. चूक वचनाची नव्हती. ते दुसऱ्याच्या माथी मारण्याची घाई माझी होती, आणि तिची खंत मला अजून आहे.

म्हणून आधी आमोस संदेष्ट्याचा ग्रंथ वाच. तकोवाचा हा मेंढपाळ, उंबरांची निगा राखणारा, इ.स.पू. आठव्या शतकात यहूदातून उत्तरेकडच्या इस्राएलच्या राज्यात गेला. पहिल्या दोन अध्यायांत तो एकामागून एक आठ राष्ट्रांची नावे घेऊन त्यांचा न्याय जाहीर करतो. ते वाचताना शेजारी नकाशा ठेव आणि पेन्सिलीने रेघा ओढ: ईशान्येच्या दिमिष्कापासून (दमास्कस) नैर्ऋत्येच्या गज्जापर्यंत (गाझा) एक, वायव्येच्या सोरापासून (टायर) आग्नेयेच्या अदोमापर्यंत दुसरी. त्या एकमेकींना शोमरोनाच्या जवळपास, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या राजधानीपाशीच, छेदतात. मग पूर्वेचे अम्मोन आणि मवाब येतात, मग दक्षिणेचा सख्खा भाऊ यहूदा. सात नावे होईपर्यंत ऐकणाऱ्यांनी समाधानाने माना डोलावल्या असतील, असे मला नेहमी वाटते. आठवे नाव इस्राएलचे आहे, आणि सर्वांत मोठे आरोपपत्र त्याच्याच विरुद्ध आहे.

त्या आधी मवाबापाशी जरा थांब. अदोमाच्या राजाची हाडे जाळून त्यांचा चुना केला, हा मवाबाचा अपराध. यात इस्राएलचे काहीच बिघडले नव्हते; उलट ज्या अदोमाला थोड्याच ओळींपूर्वी दोषी ठरवले, त्याच्याच राजाच्या प्रेताची ही विटंबना होती. परमेश्वर केवळ आपल्या लोकांच्या शत्रूंचा सूड घेतो, अशी समजूत घेऊन या ग्रंथाकडे गेलेल्या माणसाला हे एक वचन पुरे आहे. आणि इस्राएलवरचा आरोप काय? गरिबाला पायतणांच्या एका जोडाच्या मोलाने विकणे, आणि गहाण घेतलेली वस्त्रे वेदीजवळ अंथरून त्यांवर लोळणे. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर ते सूर्य मावळण्यापूर्वी परत करावे, असे बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या २२ व्या अध्यायात सांगितले आहे, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याजवळ दुसरे काही नसते. म्हणजे उपासना चालू आहे, आणि ज्याच्या पांघरुणावर उपासक आरामात टेकला आहे तो बाहेर कुठेतरी कुडकुडतो आहे. गर्व म्हणजे काय, हे तुला समजावून सांगायचे असेल तर याहून जवळचे चित्र मला माहीत नाही.

यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या १० व्या अध्यायातले अश्शूरचे साम्राज्य तू घेणारच असशील. परमेश्वराच्या हातची काठी असूनही अश्शूर स्वतःलाच हात समजू लागला. कुऱ्हाडीने तोडणाऱ्यापुढे बढाई मारावी काय, असे संदेष्टा विचारतो. इ.स.पू. ७०१ मध्ये यहूदाची ४६ तटबंदीची नगरे घेतल्याचे आणि तिथला राजा हिज्कीया याला पिंजऱ्यातल्या पाखरासारखे कोंडल्याचे अश्शूरचा राजा सन्हेरीब याने स्वतःच कोरून ठेवले आहे, आणि इ.स.पू. ६१२ मध्ये अश्शूरची राजधानी निनवे पडली.

सोराबद्दल मात्र सावध राहा. २६ व्या अध्यायात यहेज्केल बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सोरावरील हल्ल्याचे भाकीत करतो, पण २९ व्या अध्यायात तोच सांगतो की सैनिकांची डोकी तुळतुळीत झाली, खांदे सोलले गेले, तरी सोराकडून राजाला मजुरी मिळाली नाही. समुद्रातले ते नगर पुढे इ.स.पू. ३३२ मध्ये, सात महिन्यांच्या वेढ्यानंतर, भराव टाकून अलेक्झांडरने घेतले. भाकीत कसे शब्दशः खरे ठरले हे दाखवण्याच्या उत्साहात २९ वा अध्याय गाळू नकोस. जे संदेष्ट्याने लपवले नाही ते आपण लपवणे बरे नव्हे.

शेवटी यशयाचे १५ आणि १६ हे अध्याय. मवाबाचा गर्व, त्याचा ताठा, त्याच्या पोकळ बढाया यांचा तो स्पष्ट उच्चार करतो, आणि त्याच मवाबासाठी रडतो. त्याचे अंतःकरण वीणेसारखे कंप पावते. शत्रूच्या उजाड झालेल्या द्राक्षमळ्यांसाठी त्याच्या डोळ्यांत पाणी आहे. उपदेश लिहायला बसण्यापूर्वी हे दोन्ही अध्याय एकांतात मोठ्याने वाच, आणि त्या ओळी वाचताना तुझा आवाज कसा झाला ते मला कळव. बाकीचे टिपण आपण त्यानंतर पाहू.

ख्रिस्तात तुझा हितचिंतक